अनोळखी मोठ्या शहरात रात्री पायी फिरायचंय, काय काळजी घ्यावी?

सांजवारा

पुढच्या महिन्यात कामानिमित्त चार दिवस परदेशातल्या एका मोठ्या शहरात जाते आहे. एकटीच. दिवसभर मीटिंगा, संध्याकाळी सहाच्या आत सुटका नाही. म्हणजे शहर बघायला मिळणार ते दिवे लागल्यावरच. गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं शहर माझ्या लक्षात राहत नाही, पायाखालून गेलेलं राहतं.

घरच्यांचं एकच म्हणणं: "काम झालं की खोलीत जाऊन झोप, नसत्या भानगडी कशाला?" त्यांची काळजी मला कळते. पण चार रात्री चार भिंतींत काढून परत आले तर फार चुटपुट लागेल.

"जाऊच नका" असे सल्ले नकोत आणि "काही होत नाही, बिनधास्त फिरा" असेही नकोत. जे स्वतः असे फिरले आहेत त्यांनी ते नेमकं काय करतात ते सांगावं. रस्ता कसा निवडायचा, फोन-पैसे कुठे ठेवायचे, कुठे मागे फिरायचं, चुकलं तर काय करायचं.

रात्रपाळी

हॉटेलच्या स्वागतकक्षात बरीच वर्षं रात्रीची ड्युटी करतो, म्हणून लिहितो. रोज कोणी ना कोणी काउंटरवर येऊन विचारतं, "हा भाग सेफ आहे का?" या प्रश्नाचं खरं उत्तर आम्हाला देताच येत नाही. "हो" म्हटलं आणि काही झालं तर जबाबदारी अंगावर, "नाही" म्हटलं तर हॉटेलचं नाव खराब. मग गोलमोल बोलून वेळ मारून नेली जाते.

त्यापेक्षा असं विचारा: "तुमच्या बहिणीला रात्री दहा वाजता स्टेशनवरून इथे चालत यायचं असेल, तर तिला कुठल्या गेटने बाहेर पडायला सांगाल?" हा प्रश्न आला की माणूस थांबतो, विचार करतो. मी तर कागदी नकाशा काढून पेनने रेघ मारून देतो आणि एखादा रस्ता खोडतो. तो खोडलेला रस्ता नीट बघून घ्या. आणि हे रात्रपाळीच्या माणसालाच विचारा. दिवसपाळीवाला संध्याकाळी घरी जातो, त्याला रात्रीचा तो रस्ता माहीत असेलच असं नाही.

दोन बारीक गोष्टी. काउंटरवरून हॉटेलचं कार्ड घ्या, त्यावर पत्ता स्थानिक लिपीत असू दे. फोन बंद पडला तर टॅक्सीवाल्याला ते नुसतं दाखवता येतं. आणि खोलीची चावी ज्या पाकिटात घालून देतात त्यावर खोलीचा नंबर लिहिलेला असतो. ते पाकीट खोलीतच ठेवा. कार्ड-चावी आणि नंबरचं पाकीट एकत्र खिशात घेऊन फिरणारे पाहुणे मी रोज बघतो. ते हरवलं तर सापडणाऱ्याला तुमच्या खोलीचं दार आयतंच उघडं.

नकाशावेडी

रात्रपाळी यांना हजार वेळा अनुमोदन. बहिणीचा प्रश्न मी लिहून घेतला.

माझा अनुभव नकाशाच्या ॲपबद्दल. ॲपला पायी रस्ता विचारला की ते सगळ्यात जवळचा काढून देतं. तो बागेतून जातोय, पुलाखालच्या भुयारी वाटेतून जातोय की गोदामांच्या मागून, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. दिवसा त्यात काही बिघडत नाही. रात्री तीच वाचलेली चार मिनिटं महागात पडू शकतात. मी निघण्याआधी रस्त्याचे फोटो असलेल्या नकाशावर तो सगळा रस्ता बोटाने चालून बघते. तळमजल्याला दुकानं आहेत का, की नुसती लांबच लांब भिंत आणि पार्किंगची शटरं? भिंतीचा रस्ता दिसला की समांतर दुसरा शोधते, लांबचा असला तरी.

उंच इमारतींच्या मधे निळा ठिपका वेड्यासारखा उड्या मारतो. उपग्रहाचा सिग्नल काचेच्या भिंतींवर आपटून उशिरा पोचतो, म्हणून फोनला वाटतं आपण शेजारच्या गल्लीत आहोत. अशा वेळी लोक फोन हातात धरून गोल गोल फिरतात. लांबून बघणाऱ्याला लगेच कळतं की हा माणूस नवखा आहे आणि सगळं लक्ष पडद्यात आहे. मोटारसायकलवरून येऊन फोन हिसकावणाऱ्यांना हेच हवं असतं. मी वळणं आधीच पाठ करते: "मोठा चौक, डावीकडे, दुसरा सिग्नल, उजवीकडे." फोन काढायचाच झाला तर एखाद्या उघड्या दुकानात शिरते, भिंतीला पाठ लावते आणि मगच बघते. कानात इअरफोन नाही. एका कानात घातला तरी मागच्या पावलांचा अंदाज जातो.

शहराचा नकाशा खोलीतल्या वायफायवर आधीच उतरवून घे. ठिपका दिसायला इंटरनेट लागत नाही. आणि घरच्यांना व्हॉट्सॲपवर थेट लोकेशन पाठव. त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय असतात. मी ८ तासांचं लावते, कारण तासाभराचं फिरण्याच्या नेमक्या मधेच बंद पडतं आणि घरचे घाबरतात.

आडवाट

सांजवारा, मी माझी एक चूक सांगतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ती असते आणि जवळजवळ सगळे ती करतात.

एका शहरात संध्याकाळी सातला मुक्कामावरून निघालो. नदीकाठचा रस्ता, गर्दी, दिवे, वाजवणारे-गाणारे, मुलांच्या गाड्या ढकलत चाललेली कुटुंबं. इतकं छान वाटत होतं की चालतच राहिलो. पाच-सहा किलोमीटर झाले असतील. मग एका कट्ट्यावर बसलो, ते भान विसरूनच. उठलो तेव्हा बारा वाजून गेले होते. भुयारी रेल्वेच्या जिन्यापाशी आलो तर जाळी ओढलेली. शेवटची गाडी गेली होती. फोनमध्ये बॅटरी तीन टक्के.

म्हटलं, आलो त्याच रस्त्याने परत जाऊ, ओळखीचाच आहे. पण तो रस्ता आता तिथे नव्हताच. दुकानांची शटरं खाली, गाणारे गेलेले, कुटुंबं गेलेली, अर्धे दिवे विझवलेले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उंच भिंत, आणि मधे बाहेर पडायला जिना दर अर्ध्या किलोमीटरला एक. पुढून चारजण येताना दिसले तेव्हा मला कळलं की इथून बाजूला व्हायला जागाच नाही. ते चौघं बिचारे हसत-बोलत निघून गेले, त्यांना माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. पण त्या दोनशे पावलांत माझ्या पाठीला घाम फुटला होता. तासभर चालत होतो.

तेव्हापासून उलटं करतो. आधी गाडीने लांब जायचं आणि चालत मुक्कामाकडे यायचं. संध्याकाळी गर्दीच्या वेळेला बस किंवा मेट्रोने पाच किलोमीटर लांब जातो आणि तिथून परतीच्या दिशेने चालायला लागतो. प्रत्येक पाऊल घराकडे नेतं. दमलो, पाऊस आला, वातावरण बदललं, तरी उरलेलं अंतर कमीच होत असतं. रात्र जसजशी चढते तसतसे आपण जवळ जवळ येत जातो.

आणि शेवटच्या गाडीची वेळ निघण्याआधी बघायची, त्या स्टेशनची, त्या वाराची. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चोवीस तास चालते. लंडनमध्ये २०१६ पासून काही मार्ग रात्रभर चालतात, पण फक्त शुक्रवारी आणि शनिवारी रात्री. मंगळवारी त्या भरवशावर राहिलात तर अडकलात. बऱ्याच शहरांत मध्यरात्रीच्या आसपास सगळं बंदच होतं.

कंदील

आडवाट यांची युक्ती फार आवडली. तिला एक पुरवणी: मग मुक्कामच अशा ठिकाणी घ्या की जिथे रात्री अकराला दारं उघडी असतात. नुसत्या ऑफिसांचा भाग दिवसा चकाचक असतो आणि रात्री आठनंतर तिथे चिटपाखरू नसतं. हॉटेल स्वस्त मिळतं ते कधीकधी याचसाठी. वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

शहरांबद्दल लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये हेच मांडलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्याकडे लागलेल्या डोळ्यांमुळे. खिडकीत बसलेलं कोणी, दुकानदार, बसची वाट बघणारे, कुत्रा फिरवायला आलेला माणूस. यांतलं कोणी पहारेकरी नसतं, पण सगळ्यांचं लक्ष असतं. मी रस्त्याच्या तोंडाशी उभा राहून उघडी दारं मोजतो. पुढच्या शंभर पावलांत मला आत शिरता येईल अशी किती दारं आहेत? औषधांचं दुकान, पेट्रोल पंप, हॉटेलची लॉबी, हॉस्पिटलचा तातडीचा विभाग, काहीही. तीन दिसली तर जातो. एकही नसेल तर तो रस्ता माझ्यासाठी नाही, मग दिवे कितीही झगझगीत असोत.

दिव्यांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. उजेड म्हणजे सुरक्षित असं सरळ गणित नाही. एकच प्रखर दिवा असेल तर त्याखाली उभ्या माणसाला पलीकडचं काहीच दिसत नाही आणि पलीकडच्याला मात्र तो पूर्ण दिसतो. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पांढरा पडदा दोन सेकंद बघितला की ती कमाई बऱ्यापैकी वाया जाते. कमी उजेडाचे पण सारख्या अंतरावर दिवे असलेला रस्ता मला जास्त बरा वाटतो. त्यात समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसतो.

आणि चोरांच्या धास्तीत गाड्यांना विसरू नका. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे येते. ड्रायव्हरला तुम्ही दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक-दीड सेकंद जातो. काळं जॅकेट, काळी पँट घातली असेल तर तुम्ही दिसताच मुळी उशिरा. फिकट रंगाचं काहीतरी वर असू द्या. ज्या देशात वाहतूक सवयीच्या उलट बाजूने चालते तिथे दमलेल्या अवस्थेत हमखास चुकीच्या बाजूला बघितलं जातं. लंडनमध्ये कुठल्या बाजूला बघायचं ते रस्त्यावरच रंगवून ठेवलंय ते उगाच नाही.

चष्मा

मी सत्तरीकडे झुकलो आहे, तरी फिरतो. कंदील यांनी डोळ्यांचं लिहिलं त्यात भर: वयाप्रमाणे बाहुली लहान होत जाते आणि भिंगही पिवळट होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. मला रात्री फुटपाथची कड दिसत नाही, समोरून दिवा आला की क्षणभर काहीच दिसत नाही. एकदा असाच पायरी चुकून पडलो आणि मनगट मोडलं. कोणी लुटलं नाही, कोणी धक्का दिला नाही. नुसती एक पायरी. माझ्या वयाच्या मंडळींनी छोटी विजेरी ठेवावी आणि ती समोर न मारता पावलांपुढे मारावी. बूट बांधायचे, सपाता नकोत. बाकी तरुणांनी सांगितलेलं सगळं पटलं.

सावध१

मी जरा कडक लिहितो, राग मानू नये. रस्त्याकडेला झोपलेले लोक दिसले, कोपऱ्यावर टोळकं उभं दिसलं, वस्ती गरीब दिसली की वाट बदलायची. चौकशा करत बसायचं नाही.

माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो. साध्या कपड्यातला एक माणूस रस्ता विचारत आला. मी फोन काढून दाखवतोय तोवर आणखी दोघं आले, ओळखपत्रासारखं काहीतरी झटकन उघडून मिटलं आणि म्हणाले, आम्ही पोलीस, नोटा तपासायच्या आहेत, पाकीट दाखवा. पहिल्या माणसाने लगेच आपलं पाकीट काढून दिलं, म्हणून मीही दिलं. परत दिलं तेव्हा त्यातल्या मोठ्या नोटा गेलेल्या. तिघं एकच होते हे खोलीवर आल्यावर कळलं. रस्त्यात उभं करून पाकिटातल्या नोटा तपासायला मागणाऱ्याला सरळ म्हणायचं, "चला, चौकीत जाऊन दाखवतो," आणि उजेडाच्या, माणसांच्या दिशेने चालायला लागायचं. खरा पोलीस असेल तर त्याला अडचण नाही.

कपड्यावर डाग पडलाय म्हणून पुसायला येणारे, सहीसाठी फळी पुढे करणारे, मनगटात दोरा बांधणारे, सगळ्यांची रीत एकच. हात आणि लक्ष एकीकडे गुंतवायचं, काम दुसरीकडे करायचं.

दुर्वांकुर

सावध१, तुमच्याबरोबर झालं ते वाईटच झालं आणि नकली पोलिसांचं तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. पण वरच्या परिच्छेदाशी मी अजिबात सहमत नाही. तुम्हाला लुबाडणारे तिघं नीटनेटक्या कपड्यांतलेच होते ना?

मी एका शहरात रात्री साडेअकराला पूर्ण रस्ता चुकले होते. एकसारख्या इमारती, कुठली पाटी वाचता येईना. तिथे एक बाई रस्ता झाडत होती. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, बाजूला दोन चाकांचा डबा. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. मी हॉटेलचं कार्ड पुढे केलं. तिने ते दिव्याखाली धरून वाचलं, झाडू डब्याला टेकवून ठेवला आणि दोन चौक माझ्याबरोबर चालत आली. मोठा रस्ता दिसल्यावर हाताने "सरळ" अशी खूण केली आणि परत गेली. रात्री रस्त्यावर ज्यांचं काम असतं त्यांच्याइतकी त्या रस्त्याची माहिती कोणाला नसते. झाडणारे, बसचालक, रखवालदार, पहाटेची तयारी करणारे. त्यांना टाळायचं कशासाठी?

कपडे आणि गरिबी बघू नका, वागणं बघा. आपण वेग बदलला की कोणी वेग बदलतं का? आपण रस्ता ओलांडला की तोही ओलांडतो का? एकजण प्रश्न विचारत जवळ येतो तेव्हा दुसरा मागे सरकतोय का? हे दिसलं की सभ्यपणा बाजूला ठेवून निघायचं. उत्तर द्यायचं नाही, "सॉरी" म्हणायचं नाही, चालत राहायचं. हे बायकांना जास्त जड जातं, कारण कोणी बोललं तर थांबून उत्तर द्यायचं असंच आपल्याला शिकवलेलं असतं.

आणि पुरुष मंडळी वाचताहेत म्हणून: समोर एकटी बाई चालत असेल तर तिच्या मागोमाग त्याच वेगाने चालू नका. पलीकडच्या फुटपाथला जा किंवा थोडं थांबून तिला पुढे जाऊ द्या. तुमचं अर्धं मिनिट जाईल. तिची पुढची सगळी वाट बदलेल.

सावध१

दुर्वांकुर ताई, शेवटचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. यापुढे करेन. आणि हो, ते तिघं इस्त्रीच्या शर्टातलेच होते. वस्तीचं वाक्य मागे घेतो, टोळक्याचं नाही. चारजण निवांत उभे असतील तरी मी पलीकडूनच जाईन.

नकाशावेडी

पैशांचं राहिलंच. एक पातळ पाकीट वेगळं, त्यात थोडी रोकड आणि मर्यादा कमी करून ठेवलेलं एक कार्ड. कोणी मागितलंच तर ते देऊन टाकायचं, झटापट नाही. पासपोर्ट खोलीत, सोबत त्याची प्रत. काही देशांत परदेशी माणसाने मूळ पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्याने लागतं, जपानमध्ये तसंच आहे, तेव्हा आधी बघून घे. तिथे मग तो अंगालगतच्या पट्ट्यात.

तातडीचा नंबरही निघण्याआधी पाठ. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलीस ११० आणि रुग्णवाहिका ११९. फोनमध्ये बटणाने मदत बोलावायची सोय असते. बऱ्याच अँड्रॉइडला पॉवरचं बटण पाच वेळा दाबायचं, आयफोनला बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र धरून ठेवायचं. आपल्या फोनला कुठलं ते घरीच सेटिंगमध्ये बघ.

सांजवारा

काल परत आले. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आणि वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं तरी देते.

पहिल्या रात्री काउंटरवरच्या मुलाला बहिणीचा प्रश्न विचारला. तो हसला, म्हणाला, मला खरंच बहीण आहे. नकाशा पसरून त्याने स्टेशनचं पूर्वेचं गेट गोल केलं, दोन रेघा मारल्या आणि स्टेशनमागचा एक आखूड रस्ता फुलीने खोडला. माझ्या ॲपने नेमका तोच सुचवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंगच्या आधी तो खोडलेला रस्ता जाऊन बघितला. काही वाईट नव्हता. एका बाजूला रुळांची भिंत, दुसऱ्या बाजूला मालाच्या गाड्या लावायची जागा. दोनशे पावलांत एकही दार नाही. कंदील म्हणतात तसं मोजून बघितलं.

मग तीन संध्याकाळी आडवाट यांच्या पद्धतीने ट्रामने लांब जाऊन चालत परत आले. दुसऱ्या रात्री जवळजवळ नऊ किलोमीटर झाले. जुना बाजार बंद होताना बघितला, पाण्याच्या पाइपने फरशी धुणारे लोक, त्या ओल्या दगडांवर पडलेले दिवे. एका पुलावर अर्धा तास उभी होते. भीती वाटली नाही, कारण उरलेला रस्ता मला माहीत होता आणि तो कमी कमी होत होता.

तिसऱ्या रात्री मात्र परत फिरले. भुयारी वाटेच्या तोंडाशी आले, सकाळी मी तिथूनच गेले होते. आतला मधला दिवा विझला होता आणि पलीकडच्या टोकाला दोघं उभे होते. कदाचित पाऊस थांबायची वाट बघत असतील. मी थांबले, मनात आलं की इथून चार मिनिटांवर हॉटेल आहे, एवढ्यासाठी काय मागे फिरायचं? तेवढ्यात नकाशावेडीचं "वाचलेली चार मिनिटं" आठवलं. वळले, वरच्या सिग्नलने गेले, सतरा मिनिटं लागली. भिजले. घरी लोकेशन दिसत होतं, आईचा लगेच मेसेज, "मागे का फिरलीस?" तिला फोन लावला आणि लॉबीत शिरेपर्यंत तिच्याशी बोलत होते. चौथ्या दिवशी तिने स्वतःहून विचारलं, "आज कुठून चालत येणार आहेस?"

तो रेघा मारलेला नकाशा जपून ठेवलाय. कोणी त्या शहरात जाणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शहराचं नाव कळवते आणि फोटो पाठवते.

चष्मा

व्यनि केला आहे. पायऱ्या कुठे कुठे होत्या तेही आठवत असेल तर कळवा.